चढणीची वाट आणि नदीतले बांध

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून ओढ्यानाल्यांना गढूळ लोंढा आला, की गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकू लागतात. कोकणात याला वलगण म्हणतात, इतरत्र चढण. आणि त्या चारआठ दिवसांत पऱ्ह्यात, ओहोळात, भातखाचराच्या कडेला टोपलीने किंवा नुसत्या हाताने धरलेले ते चढणीचे मासे. अंड्यांनी भरलेला मासा मोठ्या नदीतून लहान नदीत, तिथून ओढ्यात, ओढ्यातून पाणी साचलेल्या शेतात शिरतो. तिथे मोठे मासे कमी, पाणी उथळ आणि उबदार, पिल्लांना खाद्य भरपूर. पाऊस ओसरला की मोठे मासे आणि त्यांची पिल्ले त्याच वाटेने खाली परततात. म्हणजे एकाच माशाला वर्षातून दोनदा, दोन विरुद्ध दिशांना, मोकळी वाट लागते. नदीतल्या बांधांचा माशांवर काय परिणाम होतो हे समजून घेताना हे दुहेरी येणेजाणे आधी ध्यानात घ्यावे लागते. बहुतेक चर्चा फक्त वर जाणाऱ्या माशाची होते, आणि तिथेच अर्धा प्रश्न नजरेआड होतो.

माशांचे प्रवास तीन तऱ्हांचे. काही मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला नदीत शिरतात. पश्चिम किनाऱ्यावरचा पाला, म्हणजेच बंगालचा सुप्रसिद्ध इलिश किंवा हिल्सा, हे त्याचे ठळक उदाहरण. काही मासे याच्या नेमके उलट वागतात: नदीत वाढतात आणि विणीसाठी समुद्र गाठतात. अहेर हा सापासारखा लांबट मासा या गटातला. त्याची पानासारखी चपटी, पारदर्शक पिल्ले समुद्रातून किनाऱ्याकडे वाहत येतात, खाडीच्या तोंडाशी बारीक दोऱ्यासारखी होतात आणि नदीत चढतात. कित्येक वर्षे गोड्या पाण्यात काढल्यावर मोठा झालेला अहेर एकदाच खाली उतरतो, समुद्रात अंडी घालतो आणि मरतो. तिसरा गट नदीतल्या नदीत फिरणाऱ्यांचा. खडस किंवा महासीर, कोळस, रोहू, मृगळ असे पुष्कळ मासे यात येतात. त्यांचा प्रवास कधी काही किलोमीटरांचा असतो, कधी शेकडो किलोमीटरांचा. माशांच्या जोडीला जंबो कोळंबीचाही उल्लेख करायला हवा. ती गोड्या पाण्यात वाढते, पण तिच्या पिल्लांना निमखारे पाणी लागते, म्हणून अंडी घेऊन ती खाडीकडे उतरते.

पूर्वी या वाटा किती लांब होत्या याचा एक पुरावा पुण्याच्या परिसरातला आहे. कर्नल विल्यम सायक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याने स्थानिक मराठी नावेच शास्त्रीय नावांत घातली, त्यामुळे खुद्री, कोळस, रोहटी हे शब्द आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात टिकून आहेत. त्याच्या यादीत अहेरही होता, आणि त्या जातीला त्याने मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे नाव दिले. पुण्याच्या परिसरातले, घाटाच्या पूर्वेकडचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. तेव्हा तिथे सापडलेला प्रत्येक अहेर हजार किलोमीटरांहून अधिक अंतर प्रवाहाविरुद्ध चढून आलेला होता. त्या वाटेवर पुढे १८५५ मध्ये विजयवाड्याचा बंधारा झाला, १९६७ मध्ये नागार्जुनसागर, १९८० मध्ये भीमेवर उजनी, १९८४ मध्ये श्रीशैलम. लहान अहेर ओल्या दगडावरून, शेवाळावरून सरपटत चढू शकतो आणि त्या जोरावर तो बुटका बंधारा पार करतो. शंभर मीटरांहून उंच भिंतीपुढे मात्र ही कला अपुरी पडते.

आता दख्खनवरून गुजरातेकडे वळू. छाणी हे बडोद्याच्या उत्तर कडेचे गाव, आता शहराच्या वाढीत मिसळलेले. हा विषय समजून घ्यायला ही जागा विशेष सोयीची आहे, कारण बांधाचे जवळपास सगळे प्रकार तिच्या आसपास एकत्र सापडतात. उत्तरेला थोड्या अंतरावर मही वाहते, दक्षिणेला पाऊणशे-ऐंशी किलोमीटरांवर भरूचपाशी नर्मदा. दोन्ही नद्या खंबायतच्या आखाताला मिळतात, जिथल्या भरती-ओहोटीतला फरक भारताच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठा मानला जातो. परिसरातली मिनी ही छोटी नदी महीला मिळते. शहराच्या पूर्वेकडून पावागडाच्या बाजूची विश्वामित्री येते, आणि तिच्या पाणलोटात सयाजीराव गायकवाडांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आजव्याचे सयाजी सरोवर शहराच्या पाण्यासाठी बांधले गेले. बडोद्याच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आज महीच्या पात्रातल्या फाजलपूर, रायका, दोडका आणि पोईचा इथल्या विहिरींतून येतो. नर्मदेचा मुख्य कालवाही याच पट्ट्यातून उत्तरेकडे जातो.

मही सुमारे ५८० किलोमीटर लांब. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात उगम पावून ती राजस्थानातून वळसा घेत गुजरातेत उतरते. समुद्राकडून तिच्यात शिरणाऱ्या माशाच्या नजरेने पाहिले तर पहिला अडथळा दिसतच नाही. बडोद्याच्या औद्योगिक पट्ट्यातले सांडपाणी वाहून नेणारा सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा बंद-उघडा नाला १९८०च्या दशकापासून जंबुसरजवळ सारोदपाशी महीच्या मुखात सोडला जातो. प्राणवायू कमी असलेले किंवा रसायनांचा वास असलेले पाणी टाळण्याकडे माशांचा स्वाभाविक कल असतो. असा पट्टा पात्राच्या पूर्ण रुंदीभर पसरला तर तो भिंतीचेच काम करतो, फक्त त्याची नोंद धरणांच्या यादीत होत नाही. पुढे सिंधरोटचा बंधारा. खाऱ्या भरतीला अडवून वरचे पाणी गोडे ठेवणे हे त्याचे काम. त्याच्या वर पन्नाशीच्या दशकातला वणाकबोरीचा बंधारा, मग १९७९ च्या सुमाराचे कडाणा धरण, आणि राजस्थानात बांसवाड्याजवळ १९८३ मध्ये पूर्ण झालेला माही बजाज सागर.

या माळेत सर्वांत उंच धरण सर्वांत घातक, असे सहज वाटते. प्रत्यक्षात समुद्रातून येणाऱ्या माशाचे भवितव्य बहुधा सर्वांत खालचा, सर्वांत बुटका बंधारा ठरवतो. कडाण्याची भिंत कितीही उंच असली तरी जो मासा सिंधरोटलाच थबकला त्याचा तिच्याशी संबंधच येत नाही. खाडीच्या तोंडाचा बंधारा आणखी एक गोष्ट मोडतो. खारे आणि गोडे पाणी हळूहळू मिसळणारा लांब पट्टा हा येणाऱ्याजाणाऱ्या माशांचा थांबा असतो. तिथे त्यांचे शरीर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याला सरावते. बंधाऱ्याने हा पट्टा आखडला की एका बाजूला निव्वळ गोडे आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ खारे पाणी उरते, आणि सरावाला जागा राहत नाही.

बांध माशाला नेमका कसा अडवतो? उंची हे पहिले आणि उघड उत्तर. भारतातल्या फार थोड्या माशांना सामन माशासारखी उडी मारता येते. पाला तर उडी मारणारा मासाच नव्हे. पण उंचीहून वेग अनेकदा जास्त निर्णायक ठरतो. माशाला काही क्षण जोराची झेप घेता येते, पण तो वेग टिकवता येत नाही. दोन खांबांमधून जोराने सुसाटणारे पाणी पाचदहा मीटर ओलांडायचे असेल तर लहान मासा मध्येच दमतो आणि मागे फेकला जातो. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उथळ असेल तर झेप घ्यायला खोलीच मिळत नाही. अडलेले मासे भिंतीखाली गोळा होतात, दिवसेंदिवस तिथेच घुटमळतात, आणि तिथे जाळे टाकणे सर्वांत सोपे असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधाखाली विक्रमी मासे मिळाले, अशी बातमी पुष्कळदा आनंदाची म्हणून सांगितली जाते. त्या माशांत अंडी न घातलेल्या माद्या पुष्कळ असतात.

भिंतीच्या वरचे पाणी हा दुसरा प्रश्न. जलाशयात प्रवाह जवळपास थांबतो. मासा प्रवाहाच्या रेट्यावरून वर कुठे आणि खाली कुठे हे ओळखतो. खाली परतणारी पिल्ले तर बरीचशी प्रवाहाच्या भरवशावरच निघालेली असतात. स्थिर पाण्यात ती दिशा हरवतात, मोठ्या माशांच्या तोंडी पडतात किंवा जलविद्युत केंद्राच्या चक्रात शिरतात, जिथे पाण्याचा दाब एकदम बदलल्याने त्यांची वाताशये फुटतात. वाळू-गोट्यांच्या ज्या तळावर महासीर अंडी घालतो तो तळ जलाशयात गाळाखाली जातो. खालच्या बाजूला उलट घडते: गाळ वरच अडल्याने पाणी निवळ आणि भुकेले होते, तळातली वाळू खरवडून नेते, आणि धरणाच्या तळातून सोडलेले पाणी नदीच्या मानाने थंड आणि प्राणवायूने कमी असते. चढणीची खूण म्हणजे गढूळ, कोमट, वेगाने वाढणारे पाणी. पहिला पूर जलाशयात अडवला की खालच्या माशाला पावसाळा उशिरा कळतो, किंवा कळतच नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण नर्मदेच्या मुखाशी आहे. भरूचच्या मच्छीमारांत पाल्याला चाक्सी म्हणतात, आणि नराला मोदार असे वेगळे नाव आहे. एका माशाच्या नरमादीला वेगळी नावे देणारा समाज त्या माशावर किती अवलंबून असेल हे त्यावरून समजते. आषाढी एकादशीला नर्मदेची पूजा करून हे मच्छीमार हंगामाची सुरुवात करतात. पुराचे गोडे पाणी खाडीत लांबवर पसरले की त्याच्या वासावर समुद्रातला पाला नदीत शिरतो, भरूचच्या वर जाऊन अंडी घालतो. पिल्ले काही महिने गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढून समुद्राला परततात. मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले शास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी नर्मदेतल्या पाल्याची वीण, अंडी आणि पिल्लांची वाढ यांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. या नदीत पाला खरोखर वितो हे त्या अभ्यासाने नोंदवून ठेवले, आणि बांधापूर्वीची स्थिती काय होती हे सांगायला अशा नोंदी आज अमोल ठरतात.

सरदार सरोवर धरण समुद्रापासून दीडशे किलोमीटरांच्या आसपास आत आहे, म्हणजे पाल्याच्या वाटेच्या जवळजवळ वरच्या टोकाला. त्यामुळे वाट अडणे हा या धरणाचा मुख्य परिणाम नाही. मुख्य परिणाम पाणी अडण्याचा आहे. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि साठा १३८.६८ मीटरपर्यंत नेण्याची सोय झाली. खालच्या नदीसाठी किमान ६०० क्युसेक पाणी सोडण्याचे ठरले होते, तर मुख्य कालव्याची वहनक्षमता आहे ४०,००० क्युसेक. हे दोन आकडे शेजारी ठेवले की भरूचच्या खाडीत काय झाले असेल याचा अंदाज येतो. २०१७-१८ च्या कोरड्या हंगामात समुद्राचे खारे पाणी पात्रात बरेच वर चढले. ज्या गोड्या पाण्याच्या वासावर पाला येतो तेच पाणी खाडीपर्यंत पोहोचले नाही, तर दीडशे किलोमीटर मोकळी वाट असूनही ती निरुपयोगी होते.

ते पाणी कुठे जाते याचे उत्तर छाणीच्या परिसरातून वाहणाऱ्या कालव्यात आहे. गुजरातेतली या कालव्याची लांबी ४५८ किलोमीटर. तो महीला आणि साबरमतीला ओलांडून राजस्थानच्या सीमेपर्यंत जातो. दिसायला ही नदीच. माशांची अंडी, पिल्ले त्यातून वाहत येतात आणि कालव्यात मासे सापडतात. पण काँक्रीटचा उतरता काठ, दरवाजे आणि बोगदे यांमुळे तिथे ना विणीला तळ मिळतो, ना परतीची वाट. कालव्यात शिरलेला नर्मदेचा मासा मूळ नदीच्या दृष्टीने संपलेला असतो. शिवाय एका नदीचे पाणी दुसरीत सोडले की एका खोऱ्यातल्या जाती दुसऱ्या खोऱ्यात पोहोचतात. बांधाने जोडलेले तोडले, कालव्याने न जोडलेले जोडले; माशांच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकाच योजनेत घडल्या.

बांध एकटा क्वचितच असतो. तापीत सुरतेच्या सिंगणपोर बंधाऱ्यापासून वर निघाले तर काकरापार, उकाई, मग खानदेशातले प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे आणि हतनूर असे सात अडथळे ओळीने येतात. प्रत्येक बांध शंभरातले ऐंशी मासे पार होऊ देतो असे गृहीत धरले, आणि हे गृहीत फारच उदार आहे, तरी सातव्याच्या वर एकवीसच मासे पोहोचतील. शंभरातले नव्वद पार झाले तरी अठ्ठेचाळीस. एकेका बांधाचा परिणाम वेगवेगळा मोजला की तो किरकोळ दिसतो. नदीला मात्र गुणाकार भोगावा लागतो. मोठ्या धरणांच्या २०१९ च्या राष्ट्रीय नोंदवहीत महाराष्ट्राची २,३९४ धरणे आहेत, देशात सर्वांत जास्त. त्यात लहान बंधारे धरलेलेच नाहीत.

या लहान बंधाऱ्यांपैकी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडे मत्स्यअभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळ्यानंतर बरगे बसवायचे, पाणी अडवायचे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची, अशी ही रचना. गाळ आणि पूर वाहून जावा म्हणून ती आखली गेली. पण ज्या महिन्यांत मासे चढतात नेमके त्याच महिन्यांत ती उघडी असते. माशांचा विचार न करता माशांना अनुकूल झालेले हे वेळापत्रक आहे. अडचण येते ती परतीच्या वेळी. बरगे लवकर बसले तर वर चढलेले मासे आणि त्यांची पिल्ले बंधाऱ्यांमधल्या डोहांत अडकतात, आणि उन्हाळ्यात ते डोह आटले की संपतात. तुटलेले बरगे जागीच राहिले, किंवा बंधाऱ्याखालचा काँक्रीटचा थर खरवडून पायथ्याशी उंच पायरी तयार झाली, तर चढणही अडते. हे दोष दुरुस्त करायला मोठा खर्च लागत नाही.

मोठ्या बांधांवर उपाय म्हणून माशांचा जिना, म्हणजे बांधाच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट, बांधण्याची कल्पना जुनी आहे. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने १८७३ च्या आपल्या अहवालात भारतातल्या बंधाऱ्यांमुळे माशांची वाट अडते हे स्पष्ट नोंदवले होते. दक्षिणेत कावेरी-कोलेरूनवर जिन्याचे प्रयोग झाले, पण १९३४ मध्ये मेट्टूर धरण झाल्यावर कावेरीतला पाला ओसरला. गंगेत पूर्वी अलाहाबाद-कानपूरपर्यंत जाणारा इलिश १९७५ मध्ये फरक्का बराज सुरू झाल्यावर वरच्या नदीतून जवळपास नाहीसा झाला, जरी त्या बराजमध्ये माशांसाठी सोय ठेवलेली होती. अपयशाचे कारण बहुतेक ठिकाणी एकच. युरोप-अमेरिकेतले जिने सामनसारख्या उड्या मारणाऱ्या, जोरदार माशांसाठी आखलेले होते. भारतीय नद्यांत एकाच वेळी तळाशी सरपटणारे, थव्याने पोहणारे, बोटाएवढे आणि हाताएवढे मासे चढतात. शिवाय जिन्याच्या तोंडातून येणारा प्रवाह इतका ठसठशीत हवा की मुख्य सांडव्याच्या गोंगाटात मासा तो ओळखू शकेल. नाहीतर जिना रिकामा राहतो. ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपू धरणाला वळसा घालणारा सुमारे दहा किलोमीटरांचा जलमार्ग किंवा अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये पाडल्यावर परतलेले सामन, ही उदाहरणे उपायांचा आवाका दाखवतात. चीनमध्ये यांगत्सेवरच्या गेझोउबा बांधाने वाट अडलेला लांबनाक्या पॅडलफिश आज अस्तित्वात नाही.

पिल्ले तयार करून सोडणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीने सत्तरीच्या दशकापासून महासीरचे बीज तयार केले आणि ते देशभर पाठवले. त्या माशाची दुर्मीळता कमी करण्यात या कामाचा वाटा मोठा आहे. महाडजवळच्या वाळणकोंडासारख्या डोहांत देवाच्या नावाने राखलेले महासीरही टिकून राहिले. पण डोह आणि उबवणीकेंद्र मासा सांभाळतात. तो प्रवासाला निघणार असेल तर नदीची लांबीही सांभाळावी लागते. जलाशयात सोडल्या जाणाऱ्या कटला, रोहू आणि तिलापियाच्या टनांवरून मत्स्योत्पादन वाढल्याचे दिसते, आणि त्याच आकड्याआड कोळस, शिंगटी, अहेर यांची घट झाकली जाते.

नर्मदेच्या मुखाशी भरूचच्या खाली भाडभूत इथे २०१७ मध्ये नव्या बराजची पायाभरणी झाली. सुमारे १.७ किलोमीटर लांब, ९० दरवाजांचा हा बांध खारे पाणी खाली आणि गोडे पाणी वर ठेवेल. शेती, शहर आणि उद्योग यांची गरज त्यामागे आहे. पाल्याच्या दृष्टीने मात्र नदीचे दारच इथे येते. दरवाजे आषाढ-श्रावणात किती उघडे राहतात, त्यांतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग पोहत चढण्याजोगा असतो का, भरतीच्या वेळी ते उचलले जातात का, आणि पावसाळा संपल्यावर, साठा करण्याची घाई असतानाच, खाली परतणाऱ्या बोटभर पिल्लांसाठी वरचा प्रवाह मोकळा ठेवला जातो का, हे त्या नव्वद दरवाजांच्या रोजच्या वेळापत्रकावर ठरणार आहे.